बर्फातली तीन मिनिटं

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. मी एक व्हिडिओ कॅसेट आहे, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तुमच्यातल्या पुष्कळांनी माझी जात पाहिलेलीच नसेल. काळं प्लास्टिकचं अंग, मध्ये दोन चाकं आणि पोटात गुंडाळलेली सव्वाशे मीटरची फीत. त्या फितीवर आज पांढरी बुरशी चढली आहे. माझ्यासारख्या वस्तू अशा वेळी रडगाणं गातात, की आम्हाला आता कुणी विचारत नाही. मी ते गाणार नाही. बुरशी चढली हे फार बरं झालं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. का ते सांगते.

ऑकलंड शहरातल्या एका लांबलचक खोलीत माझा जन्म झाला. भिंतीला लागून दोनशे यंत्रं मांडलेली होती आणि एकाच वेळी आम्हा दोनशे बहिणींच्या अंगावर एकच चित्रपट उतरवला गेला. नाव 'बगळ्याची शपथ'. सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा. रंग मुद्दाम उडालेले, संगीत मुद्दाम मागच्या जमान्यातलं, कारण बनवणाऱ्याला लहानपणी पाहिलेल्या कुंग-फूच्या चित्रपटांची फार ओढ होती. नायक एरवी मासे विकतो आणि संकट आलं की बगळ्याचा मुखवटा चढवून, एका पायावर उभा राहून दहा-दहा जणांना लोळवतो. थिएटरात तो चालला नाही, म्हणून कॅसेटवर घरोघरी विकायला काढला. मला तेव्हा आपण फार मोठं काहीतरी पोटात बाळगतो आहोत असं वाटायचं.

मला मानासेने विकत घेतलं. तो टोंगाचा, ऑकलंडला मटणाच्या कारखान्यात कामाला. बायको वारली होती. दोन मुलं तिकडेच, हापाई द्वीपसमूहातल्या एका लहानशा बेटावर त्याच्या थोरल्या बहिणीकडे वाढत होती. मानासेने माझ्या पाठीवरच्या पट्टीवर 'केफूसाठी' असं लिहिलं, आणि डबाबंद मटण, साबण, जुनी स्वेटरं यांच्यासोबत पिंपात भरून मला बोटीवर चढवलं. टीव्ही, व्हिडिओ आणि छोटा जनरेटर त्याने आदल्या वर्षीच पाठवला होता.

केफू त्याचा मुलगा, अठरा वर्षांचा. अकानेसी त्याची बहीण, सोळा वर्षांची. आणि त्या दोघांची आत्या फुसी, जिच्यापुढे खुद्द मानासेचंही काही चालत नसे. आत्या म्हणाली की झालं.

आता गंमत बघा. पाठवलं मला केफूसाठी, पण केफूला मी दिसलेच नाही. वयात आलेले भाऊ-बहीण तिथे एकमेकांशी थेट बोलत नाहीत, एका खोलीत बसून पिक्चर बघत नाहीत. पडद्यावर कुणी कुणाला मिठी मारली, कुणी शिवी हासडली, तर दोघांनी तोंड कुठे लपवायचं? मान बहिणीचा मोठा, म्हणून उठून जायचं ते भावाने. केफू झोपायचासुद्धा अंगणातल्या वेगळ्या झोपडीत. जनरेटरला तेल मिळायचं ते शनिवारच्या दुपारपुरतं. रविवार देवाचा, त्या दिवशी यंत्राला कुणी हातही लावत नसे. म्हणजे शनिवारी दुपारी अकानेसी आणि तिच्या चार चुलत बहिणी आत, आणि केफू बाहेर, नीरफणसाच्या सावलीत, फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून.

पहिल्या शनिवारी आत्याही आत बसली होती.

"एका पायावर उभं राहून कोण लढतं?" ती म्हणाली. "दुसऱ्या पायाला काय काटा लागलाय?"

"आत्या, तो बगळा आहे," भिंतीपलीकडून आवाज आला.

"बगळा आहे तर मासे धर म्हणावं. घरात मासे नाहीत."

मुली खिदळल्या. अकानेसीने मान खाली घातली. भावाच्या बोलण्यावर मोठ्याने हसायचं नसतं.

मग बर्फाचा प्रसंग आला. बगळा आपल्या मेलेल्या गुरूच्या झोपडीकडे एकटा चालत जातो. तीन मिनिटं. ना संगीत, ना पावलांचा आवाज, ना वारा. जो तो सांगतो की हा प्रसंग माझ्यातला सगळ्यांत सुंदर आहे.

"आत्या, आवाज गेला का?" केफूने हळूच विचारलं. आत्या नुकतीच उठून दाराबाहेर त्याच्यापाशी गेली होती, मुलींचं लक्ष पडद्यावर होतं.

"नाही रे, बर्फातनं चाललाय तो. बर्फात पाय वाजत नाहीत म्हणे."

"मग मीही गप्प बसतो."

आणि तो खरंच बसला. तेव्हापासून तसाच नेम पडला. मारामारी सुरू झाली की केफू बाहेरून तळहाताने भिंतीवर ताल धरायचा, अगदी प्रत्येक ठोशावर ठोका. पंधरा-वीस शनिवारांत मी त्याला तोंडपाठ झाले. बर्फ आलं की मात्र तो हात मांडीवर ठेवायचा. अकानेसी पिक्चर लावण्याआधी दर वेळी आत्याला म्हणायची, "बाहेर ऐकू जाईल ना, विचार." आणि उत्तराची वाट न बघता आवाज दोन घरं वाढवायची. भावावर माया करायला तिच्यापाशी एवढीच एक जागा होती. एकदा तिने आत्याकरवी निरोपही दिला, की या शनिवारी आम्ही मुली शिंपले वेचायला जातो, त्याने आत बसून बघावं. केफूने कळवलं, "नको. त्यांचा आठवड्यातला एकच दिवस. मी बघेन कधीतरी."

त्याच वर्षी समुद्रकाकडी या मऊ, महाग विकल्या जाणाऱ्या समुद्रजीवाचे व्यापारी बेटावर आले. उथळ पाण्यातल्या काकड्या महिन्याभरात संपल्या. मग लोपीनी नावाच्या माणसाने नावेवर हवेचं यंत्र बसवलं. लांब पाईप तोंडात धरायचा आणि खोल, अंधारात उतरायचं. किती खोल जावं, वर येताना किती थांबावं, घाईने वर आलं तर अंग कसं लुळं पडतं, हे शिकवायला कुणी नव्हतं. केफू चांगला पोहणारा होता, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त वेळा खाली पाठवत.

तो शनिवार. आत्या चर्चच्या दालनात बायकांबरोबर चटई विणायला गेली होती. मी यंत्रात फिरत होते. केफू नावेवरून उतरला तेव्हा लोपीनीने त्याला टोकलं होतं, हे मला पुढे कळलं.

"काय रे, म्हाताऱ्यासारखा चालतोयस?"

"पायाला मुंग्या आल्यात. घरी जाऊन पडतो."

तो घरी आला. आत माझा आवाज ऐकला आणि रोजच्या जागी भिंतीला टेकून बसला. बहीण पिक्चर बघत होती. आत जायचा प्रश्नच नव्हता. संपेल तोवर बसावं, असं त्याला वाटलं असेल. थोड्या वेळाने चहाच्या दुकानातली मारामारी सुरू झाली आणि भिंतीवर ठोके पडू लागले. मुलींना ते रोजचेच वाटले. मला नाही वाटले. मला माझा प्रत्येक ठोसा ठाऊक आहे, आणि ते ठोके त्यांवर पडत नव्हते. मधूनच "आत्या" अशी हाकही ऐकू आली. हाक मारायची तर आत्यालाच, बहिणीला कशी मारणार? माझ्या गोंगाटात ती विरून गेली. मी थांबू शकत नव्हते. चाकं फिरत होती तोवर मला बोलतच राहायचं होतं.

मग बर्फ आलं. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत भिंतीवर तीन ठोके पडले. मग दोन.

"इथे तर मारामारीही नाही," एक चुलत बहीण म्हणाली. "आवाज गेला असं वाटलं असेल त्याला."

"ऐकू जात नसेल," अकानेसी म्हणाली. ती उठली आणि तिने आवाजाचं बटण अगदी शेवटपर्यंत फिरवलं.

मित्रांनो, केफूला ठाऊक होतं की इथे आवाज नसतो. हे मला माहीत होतं आणि आत्याला माहीत होतं. आत्या तिथे नव्हती, आणि मी कॅसेट. बर्फ संपलं आणि शेवटची मारामारी सुरू झाली. बावीस मिनिटं मी इतकी ओरडले की फळ्या थरथरल्या. भिंतीपलीकडचं त्यानंतर मलाही काही ऐकू आलं नाही.

आत्या परतली तेव्हा केफू एका कुशीवर कलंडलेला होता. कपडे ओले झाले होते, ओठ निळे पडले होते आणि कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. नावेतून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तासभर आधी आणलं असतं तर काय झालं असतं, असं आत्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित काहीच नाही, कदाचित बरंच काही.

केफूने आत्याला सांगितलं, "पिक्चर संपता संपता आलो मी. पाय गेले ते नंतर. आवाज कमी होता म्हणून भिंत वाजवली. तिने वाढवला, बरं झालं, शेवट नीट ऐकता आला. तिला सांग." आत्याने तसंच सांगितलं.

चौदा महिने तो झोपडीत पडून होता. अकानेसीला त्याला हात लावता येत नव्हता, उशाशी बसता येत नव्हतं. ती ताट झोपडीच्या पायरीवर ठेवून मागे फिरायची. त्याची घाण झालेली कापडं धुवायची. कूस बदलायला पुरुष यायचे, आणि कधी कधी यायला विसरायचे. त्याच्या पाठीला जखमा झाल्या. एका दुपारी आत्याने टीव्ही उचलून झोपडीत नेला आणि केफूने मला पहिल्यांदा पाहिलं. अकानेसी तेव्हा पार लांब, स्वयंपाकाच्या छपरात जाऊन बसली होती. बर्फाचा प्रसंग आला. केफू टक लावून बघत राहिला.

"एवढंच होय," तो म्हणाला. मग पडद्यावरून नजर काढून म्हणाला, "आत्या, त्या दिवशी मी तुलाच हाका मारत होतो. पाय जायला लागले होते. तिला हे कधी सांगू नकोस."

आत्याने त्याच्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला. पावसाळा संपायच्या आत ताप चढला आणि केफू गेला. मयताला खालच्या मानाच्या नात्यातल्यांनी केस कापले, फाटक्या मोठ्या चटया कमरेला गुंडाळल्या. अकानेसीनेही कात्री मागितली. "भावासाठी बहीण केस कापत नाही," आत्या म्हणाली. "मान तुझा मोठा आहे." एवढा मोठा मान घेऊन ती पोर कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. मला त्या मानाचा राग येतो, अजूनही.

त्यानंतर मला कुणी लावलं नाही. अकानेसीने मला चटयांच्या पेटीत ठेवलं आणि दमट हवेने आपलं काम केलं. ती आल्या-गेल्याला सांगायची, "त्याला ऐकू जात नव्हतं, मी आवाज वाढवला. निदान शेवट तरी ऐकला त्याने." त्या एका वाक्यावर ती उभी होती. म्हणून म्हटलं, बुरशी चढली ते बरं झालं. मी कधी वाजले नाही तर तिला कधी कळणार नाही, असा माझा हिशोब होता.

पंधरा वर्षं गेली. अकानेसीचं लग्न झालं, नवरा त्याच घरात आला, लेसिएली नावाची मुलगी झाली. बेटावर वीज आली. आणि ऑकलंडहून मानासेने नातीसाठी एक चकचकीत तबकडी पाठवली. 'बगळ्याची शपथ' नव्याने बाजारात आली होती, रंग धुऊन, आवाज स्वच्छ करून. जुनी चित्रं जपणाऱ्या लोकांनी म्हणे फार मेहनत घेतली होती. वेष्टन ताडून बघायला लेसिएलीने मला पेटीतून काढलं आणि टीव्हीवर ठेवलं. अकानेसी मागे चटई विणत बसली. नको म्हणाली नाही. शेजारी आत्या होती, ऐंशी ओलांडलेली, काल काय जेवलो ते आज न आठवणारी.

बर्फ आलं. तबकडीवर ते इतकं स्वच्छ होतं की माझ्यासारखी खरखरही नव्हती.

"आई, आवाज गेला," लेसिएली म्हणाली.

"गेला नाही गं," आत्याच बोलली. "बर्फातनं चाललाय तो. केफूनेही पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं. सांगितल्यावर म्हणाला, मग मीही गप्प बसतो. इथे कधी भिंत वाजवायचा नाही, शहाणा पोरगा."

अकानेसीची बोटं थांबली. "कधीच नाही?"

"कधीच नाही," आत्या म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला काय ते आठवलं. तिने हात तोंडाशी नेला.

"मग त्या दिवशी तो काय सांगत होता?"

आत्याने तोंडावरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "मला हाक मारत होता, पोरी. मी नव्हते."

पडद्यावर शेवटची मारामारी सुरू झाली. अकानेसी उठली, तिने आवाज पार बंद केला आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. बगळा मुकाट्याने लढत होता. लेसिएली आईकडे बघत होती. बावीस मिनिटं अकानेसी तिथून हलली नाही.

मित्रांनो, माझी बुरशी पुसा, मला जपून ठेवा, असं काही माझं मागणं नाही. मागणं इतकंच आहे की बाहेर बसलेल्या माणसासाठी नुसता आवाज वाढवू नका. उठा, बाहेर जा आणि त्याला काय हवं आहे ते विचारा.