नऊ पॉइंट आठ

कल्याणच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग केव्हाच गेला होता, म्हणजे प्रयोग संपला होता, तरी तो ब्युरेटच्या उभ्या नळीतून ॲसिड सोडतच होता. पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावणात पाण्यासारखं दिसणारं ॲसिड पडत होतं आणि काहीही होत नव्हतं. नऊ पॉइंट पाच मिलीच्या खुणेपाशी त्याने तोटी आवळली, एक डोळा मिटला आणि थेंब थेंब सोडायला लागला. नऊ पॉइंट आठला थांबला. सुटकेचा श्वास टाकून त्याने उत्तरपत्रिकेत आकडा लिहिला.

बहिःस्थ परीक्षक एकता पाटणी त्याच्या मागे उभी होती.

"रंग कधी गेला?"

"आत्ताच, मॅडम."

"मला तर मघाशीच गेलेला दिसला."

"तो पहिला गेल्ता," कल्याण म्हणाला. "हा दुसरा."

एकताने पेनची टोपी लावली, मग पुन्हा काढली.

ती जालन्याहून सकाळी साडेआठलाच येऊन पोचली होती. लॅब उघडून देऊन अटेंडंट कचरू मामा चहा आणायला गेले होते. वेळ काढायचा म्हणून तिने कपाटातल्या जुन्या उत्तरपत्रिका चाळल्या. मागच्या वर्षीचं प्रत्येकाचं रीडिंग नऊ पॉइंट आठ होतं. त्याच्या मागच्या वर्षीही नऊ पॉइंट आठ. एका मुलाने मधलं रीडिंग नऊ पॉइंट सात लिहिलं होतं. बहुतेक खरं वाटावं म्हणून. सहा वर्षांचे गठ्ठे पाहून झाल्यावर एकताने कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडची बाटली काढली, मोजून बेचाळीस मिली घेतलं आणि परीक्षेसाठी भरून ठेवलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतून कॅन हलवला. ॲसिडचा जोर दुप्पट झाला. आता रंग निम्म्यातच जाणार होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला यादीतला सगळ्यांत सोपा प्रयोग तिने मुद्दाम ठेवला होता. मुळातलं काही कळतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

तोंडी परीक्षेतही ते बघून झालं.

"आम्ल आणि अल्क एकत्र आले की काय तयार होतं?"

"नऊ पॉइंट आठ," एकाने सांगितलं.

"इंडिकेटर कशासाठी घालतात?"

"रंगासाठी."

"आणि रंग कशासाठी?"

मुलीने प्रामाणिकपणे विचार केला. "परीक्षेसाठी."

खिडकीजवळच्या टेबलावरची शालू नावाची मुलगी तेवढी सगळ्यांत मागे राहिली होती. तिने ब्युरेट तीनदा धुतला, बेसिनपाशी जाऊन कचरू मामांशी काहीतरी कुजबुजली, डोळे पुसत परत आली आणि शेवटी पेपर दिला. एकताने फक्त तळाचा आकडा पाहिला. नऊ पॉइंट आठ.

विभागप्रमुख रामप्रसाद सरांनी जेवणाचा डबा स्वतःच्या हाताने उघडला.

"तुमच्यासाठी खास टेंभुर्णीवरून बिनकांद्याची शेवभाजी मागवली, मॅडम. बिलकुल लसूण न्हाई. मागचे एक्स्टर्नल तर म्हणाले होते—"

"बावीसच्या बावीस नापास," एकता म्हणाली.

सरांच्या हातातला घास तिथंच थांबला. "मॅडम, बावीस म्हणजे अख्खी बॅच झाली."

"मोजलंय मी."

"असं करू नका हो. त्यात शालू हाय. हसनाबादवरून रोज बसनं येती पोरगी. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये तिचं काम ठरलंय. ह्या निकालाचा कागद दाखवला की कामावर ये म्हणालेत."

"तिलाही नऊ पॉइंट आठच आलंय."

"मंग बराबर आलं की!" रामप्रसाद सरांचा चेहरा उजळला.

एकताने भाजीचं झाकण परत लावलं. "सगळ्यांना लॅबमध्ये बोलवा. प्राचार्यांनाही. मी स्वतः करून दाखवते."

बावीस मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. प्राचार्यांना खुर्ची मिळाली. एकताने कॅनमधून ॲसिड घेऊन ब्युरेट भरला, फ्लास्कमध्ये दहा मिली अल्क घेतलं, इंडिकेटरचे दोन थेंब टाकले. सुंदर गुलाबी रंग आला.

"आता नीट बघा," ती म्हणाली. "पाचच्या आत हा रंग जाईल."

पाच झाले. रंग होता. सहा झाले. तिने फ्लास्क जरा जोरात हलवला. सात, आठ. फ्लास्कमधला गुलाबी मात्र जागचा हलेना. नवानंतर तिलाही थेंब थेंब सोडावं लागलं. नऊ पॉइंट आठला रंग गेला.

मग कल्याणने टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. त्यात टिंगल नव्हती, हे सगळ्यांत वाईट होतं.

"मॅडमलाबी जमलं," मागून कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा नऊ पॉइंट आठ.

"आमच्या लॅबचं हेच तर हाय," प्राचार्य उठत म्हणाले. "कोणीबी करा."

मुलं व्हरांड्यात गेली. रामप्रसाद सर आणि प्राचार्य नापासाचा विषय मिटला असं समजून चहाचं बघायला गेले. एकता बेसिनपाशी आली. कचरू मामा पाठमोरे उभे राहून धुतलेलाच फ्लास्क धूत होते.

"मामा, कॅनला कोणी हात लावला?"

त्यांनी नळ बंद केला. "म्याच, मॅडम."

"का?"

"चूक झाली माझ्याच हातून. काल द्रावण बनवताना ॲसिड जास्तीचं पडलं असंल. अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं न्हाई." ते खाली बघत होते. "वर कळवू नका. दोनच वर्षं राह्यली रिटायर व्हायला."

"जास्त पडलं, हे कळलं कसं?"

"शालू आल्ती ना. म्हणली, मामा, चार पॉइंट नऊलाच रंग जाऊन राह्यला, तीनदा केलं. दुसरं कोणी म्हणलं असतं तर म्या ऐकलंबी नसतं. पण ती पोरगी हाताची लई नेटकी. तिचं बराबर असंल तर मंग माझं चुकलं. निम्म्यात रंग गेला म्हणजे ॲसिडाला जोर दुप्पट." मामांनी हात पँटला पुसले. "तुम्ही जेवायला गेल्त्या तवा निम्मं काढलं, तेवढंच पाणी घातलं. त्यात काय अवघड हाय?"

एकता स्टुलावर बसली. सकाळपासून बावीस जणांना ती जे विचारत होती, ते तिला बारावी नापास माणसाने बेसिनपाशी सांगितलं होतं, आणि वर माफी मागितली होती.

"शालूला काय सांगितलंत?"

"नऊ पॉइंट आठ लिही म्हणलं. पोरीचं नुकसान कशाला?"

एकताने गठ्ठ्यातून शालूचा पेपर काढला. चार पॉइंट नऊ, चार पॉइंट नऊ, चार पॉइंट नऊ. तिन्ही आकडे पट्टी धरून खोडलेले. खाली नऊ पॉइंट आठ. तिने शालूला आत बोलावलं.

"हे काय खोडलंय?"

"चुकलं होतं, मॅडम."

"तिन्ही वेळा सारखंच चुकलं?"

"हो."

"अगं, पण रंग तू डोळ्यांनी पाहिलास ना?"

शालूने टेबलावरच्या ब्युरेटकडे पाहिलं. एकताचं दुसरं रीडिंग अजून तिथंच उभं होतं.

"पाहिला. मला वाटून राह्यलं होतं की माझंच बराबर हाय. मामांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पण मनातून पटलं न्हवतं. आता तुम्ही करून दाखवलं ना, मॅडम. सगळ्यांसमोर. दोनदा." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग मला दिसलं ते काय होतं, काय माहीत. मी कंपनीला फोन करून न्हाई म्हणून सांगते. तिथं दुसऱ्याच्या बियाण्याचं माझ्यामुळं वाटोळं नको."

पेनची टोपी एकताच्या हातातून निसटली आणि टेबलाखाली गेली. ती शोधायला ती वाकली, आणि टोपी सापडल्यावरही थोडा वेळ वाकलेलीच राहिली.

मग उठून तिने सगळ्यांना परत आत बोलावलं. प्राचार्य हातात कपबशी घेऊनच आले. तिने कपाटातून कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडची बाटली काढली. कॅनमध्ये आता चार लिटर उरलं होतं. तिने तेहेतीस मिली मोजलं आणि सगळ्यांच्या देखत त्यात ओतलं.

"सकाळी कोणी यायच्या आत मी हेच केलं होतं," ती म्हणाली. "ॲसिड दुप्पट केलं होतं. कोणाला कळतं का बघायला. कचरू मामांचं द्रावण बरोबर होतं."

रामप्रसाद सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"म्हणजे परीक्षेत..." सरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"हो, परीक्षेत. वर कळवायचं असेल तर कळवा. शालू, ये. कर."

शालूने ब्युरेट तीनदा धुतला. तिला घाई करायची कोणाची हिंमत नव्हती. तिने तोटी उघडली. एक, दोन, तीन. फ्लास्क तिच्या मुठीत गोल गोल फिरत होता. चार. ती थेंबावर आली. एक थेंब पडला आणि गुलाबी रंग गेला, जसा काही नव्हताच. तिची बोटं तोटीवर तशीच राहिली. तिने एकताकडे पाहिलं. एकता खिडकीबाहेर पाहत होती.

"शाले, थांबू नको!" कल्याण कळवळून म्हणाला. "आजून निम्मं राह्यलं!"

शालूने तोटी बंद केली.

"किती?" एकताने विचारलं.

"चार पॉइंट नऊ." गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

एकताने पेपरवर खोडलेल्या आकड्यांसमोर गुण लिहिले, सही केली आणि रामप्रसाद सरांकडे दिला. बाकीच्या एकवीस जणांना तिने उद्याच्या बॅचबरोबर परत बसायला सांगितलं. प्राचार्य चहा गार झाला असं म्हणून निघून गेले.

लॅब रिकामी झाली. कचरू मामांनी तिच्या पुढ्यातलं मोजपात्र उचललं, उजेडात धरून पाहिलं.

"मंग काल माझं बराबर होतं."

"बिलकुल बरोबर होतं, मामा."

त्यांनी मान हलवली आणि मोजपात्र धुवायला घेतलं.

एकताने पर्स खांद्याला लावली. व्हरांड्यातून कल्याणचा आवाज येत होता. तो फोन तोंडासमोर धरून ग्रुपवर सांगत होता:

"ऐका रे, उद्या चार पॉइंट नऊ हाय. पक्कं. मॅडमनं सगळ्यांसमोर काढून दाखवलं. नऊ पॉइंट आठ कोणी लिहू नका, ते बंद झालं."

एकताने पर्स परत टेबलावर ठेवली.

"मामा, तो कॅन..."

मामांनी कॅन आधीच बेसिनवर तिरपा धरला होता.

"निम्मंच काढून राह्यलो," ते म्हणाले.