सुपरवायझरची गरज

माझ्या जावेने पुण्यात माझ्या नावाने पेढे वाटले होते, ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

इथे इंग्लंडमध्ये संपाच्या दिवशी आम्ही रेल्वे युनियनवाले स्टेशनच्या दारात उभे राहतो, त्याला पिकेट म्हणतात. जुना कायदा असा होता की तिथे एक पिकेट सुपरवायझर हवाच. त्याने दंडावर पट्टा बांधायचा, त्याचं नाव नि फोन नंबर पोलिसांना आधी कळवायचा, आणि काही गडबड झाली तर त्याने निस्तरायची. वॉटफर्डजवळच्या आमच्या स्टेशनात हे लचांड गळ्यात घ्यायला कोणी तयार होईना. मी घेतलं. जाऊबाईंना फोनवर म्हणाले, "मला सुपरवायझर केलंय," तर बढती झाली समजून त्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं म्हणून नंदू दिवसभर हसत होता. नंदू म्हणजे माझा नवरा. तेव्हा तो होता.

तो गेल्यापासून घर खायला उठतं. अन्वी, आमची मुलगी, लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी फोन करते, तोही गाडी चालवताना. मी दिवसभर तिकिटाच्या गेटपाशी उभी असते. एवढी माणसं येतात जातात, पण गेट उघडलं की माझ्या तोंडाकडे कोण बघतंय? बाईच्या जागी खांब उभा केला तरी त्यांना कळायचं नाही.

पण संपाच्या सकाळी माझा फोन हमखास वाजायचा. रेल्वे पोलिसांतली हेलन. "मॉर्निंग, मिसेस गुप्ते. ऑल वेल?" मी म्हणायचे, "ऑल वेल. सहा जण आहेत." सहाच्या वर माणसं दारात उभी करायची नाहीत, असा दंडक आहे. मग मी थर्मासमधला आल्याचा चहा सगळ्यांना द्यायचे, आणि सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे. कोणी ऐकलं तर वेडी म्हणेल, पण मी संपाची वाट बघायला लागले होते.

आणि गंमत म्हणजे, त्या कायद्याविरुद्ध घसा फोडून ओरडणारी मीच. आमची नावं पोलिसांना कशाला द्यायची, आम्ही काय चोर आहोत? दर मीटिंगला माझं हे पालुपद. या फेब्रुवारीत ते कलम गेलं. सुपरवायझरची अट रद्द. युनियनच्या ब्रँच मीटिंगला केक कापला, मीही टाळ्या वाजवल्या. मग शार्दूल माझ्याजवळ आला.

शार्दूल आमच्या ब्रँचचा सेक्रेटरी. आईवडील नागपूरचे, जन्म इथला. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. भाकरी जळला, ट्रेन आला, आजी पडला. आजीशी नीट बोलता यावं म्हणून त्याने मला बजावून ठेवलंय, "मावशी, मी चुकलो की ऑन द स्पॉट करेक्ट करा." मी करते. गुणी पोरगा, दुरुस्त केलेलं वाक्य दर वेळी परत म्हणून दाखवतो.

त्या दिवशी म्हणाला, "मावशी, गुड न्यूज. न्यू लॉमध्ये सुपरवायझर लागत नाही. नेक्स्ट स्ट्राइकला तुम्ही झोपा आरामात. तुमचा गरज संपला."

मी दुरुस्त केलं नाही. "हो का, बरं झालं बाई," म्हणाले आणि ताटल्या धुवायला गेले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते काय खोटं? त्याच्यावर रागावता येईना, त्याच्या मनात माझ्या झोपेचीच काळजी. कायदा गेला म्हणून तरी कसं रागवायचं, तो घालवायला तर मीच सगळ्यांच्या पुढे. शेवटी राग केकवर काढला. फार गोड होता.

एप्रिलमध्ये ड्यूटीच्या नव्या वेळांवरून संप ठरला. त्या सकाळी मी सवयीने उठले, आलं किसलं, थर्मास भरला आणि फोन ओट्यावर समोर ठेवला. तो वाजणार कशाला? माझा नंबर पोलिसांना द्यायचं आता कारणच नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी बसले बघत. मग कोट चढवला. दूध घेऊन येऊ, असं स्वतःला सांगितलं. दूध आणायला थर्मास घेऊन कोण जातं?

स्टेशनसमोर रस्त्याच्या अलीकडे बसस्टॉप आहे, तिथे बसले. पलीकडे दारात पाच जण उभे होते. हातात कॅफेतले कागदी कप, गप्पा, हसणं. दंडावर पट्टा कोणाच्याच नाही. तो माझ्या पर्समध्ये होता. माझ्यावाचून सगळं सुरळीत चाललेलं, तेच मला बघवेना. काहीतरी बिघडावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं, मी मान हलवली, बस गेली.

मग मीच हेलनला फोन लावला.

"मिसेस गुप्ते," ती इंग्लिशमध्ये हळूच म्हणाली, "आता आम्हाला कळवावं लागत नाही तुम्हाला."

"माहीत आहे. तरी सांगते. ऑल वेल. सहा जण आहेत."

"म्हणजे तुम्ही आहात ना तिथे?"

"हो," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि पंचाईत झाली. इतक्या वर्षांत पोलिसांना कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि पलीकडे तर पाचच. उठले, रस्ता ओलांडला.

शार्दूलने धावत येऊन माझ्या हातातला थर्मास घेतला. बाकीच्यांनी सरकून जागा केली. चहा मात्र कोणाला नको होता, कप सगळ्यांचे भरलेले.

"मावशी, एवढ्या थंडीत कशाला आलात?" शार्दूल कळवळून म्हणाला. "मी सांगितलं होतं ना? तुमचा गरज संपला."

आता मात्र मला राहवलं नाही.

"तुमचा नाही रे, तुमची. गरज ती असते. तुमची गरज संपली."

त्याने मान डोलावली. माझ्याकडे बघत, एकेक शब्द नीट लावत त्याने ते परत म्हणून दाखवलं.

"मावशी, तुमची गरज संपली."

"बरोबर," मी म्हणाले.