हिरवा ठिपका

गुरुवारी खोकं यायचं. खोक्यात त्या आठवड्याचे नवे सिनेमे, थिएटरमधून उतरून आता घरोघरी जायला निघालेले. डीव्हीडीचे चकचकीत डबे, आणि प्रत्येक डब्याच्या पाठीवर एकच थाप वेगवेगळ्या शब्दांत मारलेली, की असा सिनेमा तुम्ही आजवर पाहिलाच नसेल. ताईनं तो पाहिलेला असायचा. नाव तेवढं नवं असायचं.

सिनेमे भाड्यानं द्यायचं दुकान दोघांचं, ताईचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. भावाला ती बाळ्या म्हणायची. बाळ्याची पन्नाशी उलटली होती, केसांनी कधीच दगा दिला होता, पण बाळ्या तो बाळ्याच. बाळ्यानं गिऱ्हाईक सांभाळायचं आणि ताईनं सिनेमे बघायचे, अशी वाटणी. ऐकायला केवढी चैन वाटते! शेजारीण तर तोंडावर म्हणायची, "तुमचं बरंय हो, बसल्या जागी करमणूक." म्हणावं, बस की एकदा. कंबर दुखो, डोकं दुखो, खोक्यातला प्रत्येक सिनेमा शनिवारच्या आत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघ, आणि मग बोल. मिठाईवाल्याला कधी विचारलंय का, बाबा रे, तुला गोड आवडतं का म्हणून?

हे सगळं ठिपक्यांपायी. पूर्वी दुकानात गर्दी असायची तेव्हा जो तो डबा हातात घेऊन विचारायचा, "शेवट चांगला आहे ना?" ताईनं तोंड उघडलं की मागचे ओरडायचे, "सांगू नका! सांगू नका!" रोजची कटकट. शेवटी ताईनं स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत चिकट ठिपक्यांची पाकिटं आणली. शेवट गोड असेल तर डब्याच्या कोपऱ्यावर हिरवा ठिपका, कडू असेल तर लाल. ज्याचा शेवट फक्त दिग्दर्शकालाच कळला असेल त्याला पिवळा. नियमही पक्का होता. शेवटी आपल्या माणसाचा जीव गेला की लाल, मग तो कितीही हसत जावो. ताईचा ठिपका कधी चुकला नव्हता. गल्लीत तिला ठिपकेवाली म्हणायचे, आणि त्यात थट्टा थोडी, मान जास्त होता.

आता गर्दी गेली. लोक फोनवरच सिनेमे बघतात. निम्मी कपाटं रिकामी पडली होती. जे थोडे यायचे ते ठिपक्यासाठीच यायचे. फोनवर सिनेमे ढिगानं मिळतात, पण आज रुमाल जवळ ठेव बाई, असं काही फोन आधी सांगत नाही.

त्या थोड्यांतल्या एक सिस्टर. सगळा जन्म त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात काढला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, राहायच्याही लांब, स्टेशनापलीकडे, तरी दुकानात त्या सिस्टरच. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते, आणि आता अंथरुणाला खिळले होते. सिस्टर दर शनिवारी सकाळी यायच्या आणि थेट हिरव्या ठिपक्यांच्या कप्प्यापाशी जायच्या.

"शेवटी कुणी मेलेलं मला चालत नाही, ताई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पगार घेऊन बघितलं तेवढं पुरे झालं. आता फुकटात कशाला बघू?"

शनिवारी जेवणं झाली की पडदे ओढायचे, मास्तरांच्या पाठीशी उशा लावायच्या, आणि खाटेला खुर्ची भिडवून सिस्टरनं बसायचं, असा त्यांचा क्रम. सोमवारी डबा परत करताना त्या मास्तरांचा निकाल सांगायच्या. "दहापैकी चार दिले. म्हणे, नायक दिसायला बरा आहे, पण व्याकरण कच्चं." मास्तरांना कूस बदलता यायची नाही, पण नायकाला झाडायला कूस बदलावी लागत नाही. ताई हसायची. खरं तर आठवडाभरात ती हसायची ती तेवढीच.

त्या आठवड्याच्या खोक्यात एक सिनेमा असा होता, की मास्तर महिनोन्‌महिने त्याची वाट बघत होते. थिएटरात लागला तेव्हाच त्यांनी पेपरात वाचलं होतं. एका म्हाताऱ्या शिक्षकाची गोष्ट. त्यानं तरुणपणी एका पोराला रागाच्या भरात वर्गाबाहेर काढलेलं असतं, आणि ते पोर पुन्हा शाळेत आलेलंच नसतं. आता मरायच्या आधी एकदा त्याला शोधून काढायचं, म्हणून म्हातारा घराबाहेर पडतो. "आला का तो?" मास्तर दर शनिवारी बायकोला विचारायचे. सिस्टर ताईला विचारायच्या, ताई बाळ्याला विचारायची, आणि बाळ्या घाऊकवाल्याच्या नावानं बोटं मोडायचा.

शुक्रवारी दुपारी ताईनं तो सिनेमा लावला. आठवड्यातला शेवटचा तो. त्याआधीचे गोळीबार, लग्नं आणि एक बोलणारं अस्वल असं सगळं तिनं निमूटपणे गिळलं होतं. ताई दमली होती. ताप नव्हता, काही दुखत खुपत नव्हतं. दुसऱ्यांच्या शेवटांवर इतकी वर्षं पहारा देऊन बाई नुसती दमली होती. चहाचा कप मांडीवर धरून ती बघत राहिली. म्हातारा या गावातून त्या गावात जातो, चुकीची दारं ठोठावतो, बोलणी खातो. अखेर एका दारापाशी येतो. दार उघडतं. एक टक्कल पडलेला बाप्या त्याच्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, "सर?"

चला, भेटले एकदाचे, असं ताईच्या मनात आलं, आणि डोळे मिटले.

जाग आली तेव्हा सिनेमा संपून पडद्यावर सुरुवातीचं चित्र परत आलं होतं. तीच छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत होती. कपातला चहा गार झाला होता. मागे जाऊन बघता आलं असतं की! कुणी हात धरला होता? पण दार उघडलं, माणूस भेटला, आता उरलंय काय? नावांची पाटी. खोक्यात या सिनेमाचे तीन डबे आले होते. तिनं तिन्हींवर हिरवे ठिपके लावले आणि कंबर धरून उठली.

शनिवारी सिस्टर आल्या आणि डबा बघून लहान मुलीसारख्या खुलल्या. "हिरवा आहे! मला बाई धाकधूक होती. सकाळपासून मास्तरांनी दाढी काय करून घेतलीये, धुतलेला सदरा काय मागितलाय. जसं काही शाळेची तपासणीच आहे."

"सांगा त्यांना, या वेळी मार्क सढळ हातानं द्या," ताई म्हणाली.

सोमवारी सिस्टर आल्या नाहीत. आले ते पलीकडच्या चौकातले दातांचे डॉक्टर. डबा काउंटरवर आपटून म्हणाले, "ताई, मी लोकांचे दात बघतो, तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या. हा हिरवा?"

"का? भेटतो की तो मुलगा."

"भेटतो! आणि मग? म्हाताऱ्याला बाकावर बसवून तो पाणी आणायला आत जातो आणि बाहेर येऊन बघतो तर म्हातारा गेलेला. आमच्या घरात तीन माणसं ओक्साबोक्शी रडली. वर बायको मलाच म्हणते, बघून आणत जा."

डॉक्टर गेल्यावर ताईनं दुकानातल्या टीव्हीवर ती शेवटची पाच मिनिटं लावली, आवाज बंद करून. बाक, भिंतीवरचं ऊन, म्हाताऱ्याच्या एका पायातून निसटलेली चप्पल. मग दारात उभा तो टकला माणूस, हातात भरलेला पेला. किती वेळ तो नुसता पेला धरून उभा होता.

"होतं असं, ताई," बाळ्या म्हणाला. "माणूस आहेस तू."

"गप रे. माणूस आहे म्हणून चुकीचा ठिपका चालतो का?" तिनं दोन डब्यांवरचे हिरवे ठिपके नखानं खरवडले, लाल लावले आणि डबे मागच्या फळीवर ठेवले. तिसरा डबा सिस्टरकडे होता. ताईच्या डोळ्यांसमोरून ती खोली हलेना. ओढलेले पडदे, धुतलेल्या सदऱ्यातले मास्तर, आणि शेजारी बसलेली ती बाई. आपल्या भरवशावर निर्धास्त बसलेली. आणि समोर काय, तर तो बाक.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बाळ्या म्हणाला, "फोन कर आणि मोकळी हो." ताई त्याच्यावरच उखडली. "काय सांगू फोनवर? झोपले होते म्हणून सांगू?" तिला त्या बाईच्या रागाची भीती नव्हती. त्या रागावणार नाहीत, नुसत्या यायच्या बंद होतील, याची भीती होती. मग हे दुकान आणि हे डोळे फोडणं कुणासाठी?

गुरुवारी नवं खोकं आलं. ते फोडायच्या आत सिस्टर आल्या. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला.

"उशीर झाला परत करायला," त्या म्हणाल्या. "मास्तर गेले. शनिवारीच. हा चालू असताना."

बाळ्याच्या हातातली कात्री खोक्याच्या दोरीवर तशीच थांबली. ठिपक्यानं कुणी मरत नाही, एवढी अक्कल ताईला होती. पण मन थोडंच अक्कल विचारून खातं?

"एक विचारायचं होतं म्हणून आले," सिस्टर म्हणाल्या. "याचा शेवट काय होतो?"

"तुम्ही... पाहिला नाहीत?"

"नाही. आणि आता माझ्यानं लावून बघवत नाही. तुम्ही सांगा. तो मुलगा भेटतो का सरांना?"

"भेटतो," ताई म्हणाली. "पुष्कळ हिंडतात बिचारे. मग एका दारापाशी येतात. दार उघडतं. मुलगा चांगला बाप्या झालेला असतो, टक्कल पडलेलं. पण तो लगेच ओळखतो. 'सर' म्हणतो."

"'सर' म्हणतो?"

"हो."

"आणि?"

"आणि संपतो."

सिस्टरनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "मग बरोबर होता तुमचा ठिपका," त्या म्हणाल्या. डोळे उघडले, आणि त्यांची नजर ताईच्या खांद्यावरून मागच्या फळीवर गेली. तिथे तोच सिनेमा. दोन डबे, दोन्हींवर लाल ठिपका. दारातून पाऊल टाकतानाच कुठल्या खाटेवर काय चाललंय ते ओळखणारी बाई ती. त्यांनी फळीकडे पाहिलं, पुढ्यातल्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. ती नजर ताईला सोसेना.

"मला डोळा लागला होता, सिस्टर," ती म्हणाली. "दार उघडलं तिथवर मी पाहिलं आणि झोपले. पुढचं न बघताच हिरवा लावला. पुढे शेवट चांगला नाही. तुमचा विश्वास होता आणि मी..."

सिस्टरनी डब्यावरून बोट फिरवलं.

"माझाही लागला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डोळा. जन्मभर रात्रपाळ्या केल्या, ताई. परक्यांच्या उशाशी बसून पापणी मिटली नाही माझी. आणि घरच्या माणसाच्या वेळी भर दुपारी खुर्चीत झोपले. जाग आली तेव्हा ती सुरावट वाजत होती, तीच तीच. मास्तर पडद्याकडेच बघत होते. मला वाटलं, बघताहेत. मी म्हटलंसुद्धा, काय हो, किती दिले मार्क?"

बाळ्यानं तोंड फिरवलं. ताईनं काउंटरवरून हात पुढे केला आणि सिस्टरच्या हातावर ठेवला. कुणाच्या अंगाला हात लावायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो जरा अवघडूनच ठेवला गेला.

"त्यांनी कुठवर पाहिलं असेल हो?" सिस्टरनी विचारलं. आवाज आता अगदी बारीक झाला होता. "तेवढंच मला कळायला हवंय. बाकी काही नको."

कोण सांगणार हे? ताईला काय, कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण तिनं जन्मभर सिनेमे पाहिले होते, आणि त्यांतल्या कुठल्याही नायकापेक्षा ती मास्तरांना जास्त ओळखत होती, त्यांना एकदाही न बघता.

"दारापर्यंत," ती म्हणाली. "'सर' म्हटलेलं त्यांनी ऐकलं. त्याच्यापुढे नाही."

"कशावरून?"

"पुढचं पाहिलं असतं तर मास्तर गप्प बसले असते का? हाक मारून उठवलं असतं तुम्हाला. म्हणाले असते, ऊठ, आधी त्या ठिपकेवालीकडे जा आणि विचार तिला, याला हिरवा म्हणतात?"

सिस्टर हसल्या. खरंच हसल्या, मास्तरांचा निकाल सांगताना हसायच्या तशा, आणि हसता हसता रडायला लागल्या. ताईनं हात काढून घेतला नाही.

नंतर त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "वॉर्डात नातेवाईक विचारायचे ना ताई, शेवटी कसे होते म्हणून? मीही दारापर्यंतचंच सांगायचे."

त्या गेल्या. बाळ्यानं दोरी कापून खोकं उघडलं, नवे डबे एकेक करून बाहेर काढले. मग सिस्टरनी ठेवलेला डबा उचलून तो फळीकडे गेला आणि तिथेच घुटमळला.

"ताई, याचा ठिपका बदलायचा राहिलाय."

"राहू दे," ताई म्हणाली, आणि नव्या खोक्यातला पहिला सिनेमा घेऊन बघायला बसली.