टोकाची पिन

उत्तराने मीटरची लाल कांडी कंट्रोलर बोर्डाच्या कनेक्टरवर धरली आणि मान न वळवता म्हणाली, "पोपटदादा, डावीकडे पळव."

मशीन चालवणाऱ्या पोपटने बटण दाबलं. मिलिंग मशीनचा टेबल ढिम्म.

"आता उजवीकडे."

टेबल सुर्रकन सरकला.

"सासरी जायला एका पायावर तयार, माहेराचं नाव नको," पोपट म्हणाला. "उलटीच बाय हाय ही."

काल संध्याकाळी हेच मशीन दोन्हीकडे पळत होतं. आज चार वाजता घोडबंदर रोडचे ग्राहक ते बघायला येणार होते. मालक लेलेसाहेब टाय सावरत केबिनमधून बाहेर आले.

"दिशेची पिन गेली. मी बंगलोरला फोन लावतोय. उत्तरा, तू परचेसच्या टेबलावर जा."

मानपाड्याच्या या कारखान्यात बंगलोर म्हणजे काशी होती. साधा फ्यूज उडाला तरी तिकडच्या बोर्ड-कंपनीचा माणूस विमानाने यायचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली पोरगी नटबोल्टांची कोटेशनं टाइप करत बसायची.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या, सर."

"दिली. पण नाही जमलं तर परचेस, कायमचं. पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही."

बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत पिनांची फक्त नावं होती. लग्नपत्रिकेत सगळ्या काकांची नावं असतात, पण तापट कोणता ते भेटल्याशिवाय कळत नाही. उत्तरा एकेकाला भेटत सुटली. ही पिन मोटरला पाऊल टाक म्हणते. ही कुठल्या बाजूला ते सांगते. पोपटने डावं-उजवं बटण दाबलं तसा मीटरचा काटा वर-खाली झाला.

"दिशेची पिन ठणठणीत आहे," ती म्हणाली आणि कांडी पुढे सरकवली. "आणि ही टोकाची. टेबल डाव्या टोकाला भिडला की हिच्यावरचं व्होल्टेज जातं, बोर्ड मोटर थांबवतो. बघ, काटा शून्यावर."

"टेबल तर मधोमध हाय! खोटं बोलते ती."

"पिन कशाला खोटं बोलेल? तिच्या कानात कोणीतरी सांगतंय. ते कोण, बघू चल."

पिनेची वायर चाचपत दोघं मशीनच्या डाव्या अंगाला गेले. पोपटने पत्र्याचं झाकण काढलं. आत टोकाच्या स्विचची दांडी दाबून एक टणक लिंबू बसलं होतं, खाली मिरच्यांसकट.

"आईशप्पथ, माझं नाय!" पोपटने दोन्ही कान धरले. "माझं लिंबू साहेबांनी दसऱ्याला गेटवरून उपटून फेकलं. 'हा कारखाना आहे, भगताचं दुकान नाही,' असं बोललेले. आणि मी सुतळीनं बांधतो. ही तर..."

ती फायलीची हिरवी लेस होती. अख्ख्या कारखान्यात असल्या लेसा एकाच टेबलावर असायच्या. दोघांनी एकदम केबिनच्या काचेकडे पाहिलं. आत लेलेसाहेब बंगलोरची लाइन मिळावी म्हणून पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. पोपटने हसू दाबायला ऑइलचं फडकं तोंडात कोंबलं आणि थुंकत बसला.

उत्तराने लिंबू सोडवलं. टेबल डावीकडे धावला.

आवाज ऐकून लेलेसाहेब धावत आले. "काय होतं?"

"कुठल्याच पिनेची चूक नव्हती, सर. झाकण लावताना आत काहीतरी राहिलं होतं."

"काय राहिलं होतं?"

पोपटला जोरात खोकला आला. साहेबांची नजर उघड्या झाकणावर गेली आणि त्यांचे कान लाल झाले. ते लगेच केबिनकडे वळले.

चार वाजता ग्राहकांना मशीन दाखवताना ते म्हणाले, "या उत्तरा. कंट्रोल यांच्याकडे असतो." कधीपासून, ते ग्राहकांनी विचारलं नाही. उत्तरानेही नाही.

ग्राहक खुशीत निघाले. गेटच्या कमानीला हिरव्या लेसवर लिंबू-मिरची डोलत होती. लेलेसाहेब थबकले. वर पाहिलं. मागे पोपट आणि उत्तरा श्वास रोखून उभे.

साहेबांनी टाय सारखा केला आणि ग्राहकांच्या पाठीवर हात ठेवला.

"जरा वाकून हं," ते म्हणाले. "डोक्याला लागेल."