नहराच्या पाळीवरून रुक्माबाई

कामठ्याची रुक्माबाई रागाच्या भरात एक शब्द बोलून गेली आणि तो शब्द निभावायला तिला सायकल शिकावी लागली. तोवर तिची पन्नाशी उलटली होती, आणि कोणाच्या तरी कॅरिअरवर बसण्यापलीकडे तिचा सायकलशी कधी संबंध आला नव्हता.

झालं असं. तिची सून अल्का कुडव्याला राहायची आणि गोंदियातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायची. सुटीच्या दिवशी नवरा, म्हणजे रुक्माबाईचा राजदीप, ऊन अंगावर येईपर्यंत झोपायचा. ही मात्र उजाडता उजाडता सायकल काढायची. जाड, खरबरीत टायरची आणि एडक्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची ती सायकल. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. डांबरावर अल्काचं मन रमत नसे. मुरूम, गिट्टी, वाळलेल्या चिखलाची वाट मिळाली की ती खूश. असं हिंडता हिंडता तिने एक अख्खी वाट जुळवली होती. कामठ्याजवळून नहराची, म्हणजे कालव्याची, पाळ धरायची, मग तलावाच्या पाळीवर चढायचं, तिथून बंद पडलेल्या राइस मिलच्या आवारातून मागच्या बाजूने बाहेर पडायचं आणि पाण्याने भरलेल्या जुन्या गिट्टी खदानीपाशी थांबायचं. गोंदिया, बालाघाट, नागपूरच्या सायकलवाल्यांना बोलावून जानेवारीत या वाटेवर मोठी फेरी काढायची, असं तिच्या मनात होतं. तिने ते पहिल्यांदा नवऱ्याला नाही, सासूला सांगितलं.

रुक्माबाईला त्यातली मिल तेवढी नीट कळली. तिची निम्मी उमर त्या मिलमध्ये गेली होती. उकडलेलं धान सिमेंटच्या पटांगणावर पसरायचं आणि ते सारखं वाळावं म्हणून भर उन्हात पाय ओढत त्यातून चालत राहायचं, हे तिचं काम. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, जागा ग्रामपंचायतीकडे आली. मागचा राखडीचा ढिगारा सपाट करून तिने, तिच्या मैत्रिणीने म्हणजे नंदाबाईने आणि गावच्या बायांनी रोजगार हमीवर तिथे करंज आणि बांबू लावले होते. आता तिथे सावली पडत होती. त्या सावलीतून लोक सायकली घेऊन जाणार, हे रुक्माबाईला फार आवडलं.

अडलं ते नहरावर. पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष जागेश्वर याने पाळीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली होती. त्याचंही चुकत नव्हतं. पोरं मोटरसायकली घालून पाळ खचवत होती, आणि पाळ फुटली की खालच्या धानाच्या बांध्यांचं पाणी गेलंच. अल्का सासूला सोबत घेऊन त्याच्या अंगणात गेली. सायकलीचं वजन केवढंसं, त्याने पाळीला काही होत नाही, हे तिने परोपरीने सांगितलं. जागेश्वरने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. शहरचे लोक येतील, फोटो काढतील, निघून जातील. गावाला त्याचं काय, असं त्याचं म्हणणं. अल्काचा चेहरा उतरला. ते पाहून रुक्माबाईचं डोकं तापायला लागलं होतं, तेवढ्यात तो तिच्याकडे वळला.

"गावातली एक तरी बाई त्या पाळीवरून सायकल चालवते का? तू चालवशील का, रुक्मा?"

"चालवीन," रुक्माबाई म्हणाली. "खदानीपर्यंत चालवीन. मंग काट्या काढशील का?"

"काढीन. मी सोता पाहाले मागं राहीन. मधात उतरून पायदळ गेलीस तं नाई."

दोघी घरी आल्या. दारात आल्यावर अल्काने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला सायकल येते?"

"नाई," रुक्माबाई म्हणाली. "तुले येते ना?"

दुसऱ्या रविवारी अल्का आपली जुनी सायकल घेऊन आली. सरळ हँडलची, पण जाड टायरची. शिकायला मिलच्या पटांगणाइतकी सपाट जागा गावात दुसरी नव्हती. अल्काने सीट खाली केली आणि पायडल काढूनच ठेवले. आधी नुसतं बसून पायाने रेटत जायचं, तोल आपोआप येईल, म्हणाली. धानाच्या रोवणीला खोचतात तसा रुक्माबाईने कासोटा मारला आणि रेटायला लागली. रेटण्यात तिला काही नवीन नव्हतं. याच सिमेंटवर तिचे पाय वर्षानुवर्षं घासले होते. नंदाबाई करंजाखाली बसून आधी पोट धरून हसली, मग हसायची थांबली, आणि पायडल लागले त्या दिवशी उठून पुढे आली. रुक्माबाई पडली, कोपर सोलून निघालं, पुन्हा बसली. अल्का आली की तिच्यासोबत आणि नसली की नंदाबाईला कॅरिअर धरायला लावून ती रोज सायंकाळी पटांगणाच्या फेऱ्या मारायची. एका सायंकाळी वळणावर तिने मागे पाहिलं, तर नंदाबाई पार दूर, कमरेवर हात ठेवून उभी. कॅरिअर कोणीच धरलेलं नव्हतं. तरी सायकल चालतच राहिली.

एक गोष्ट मात्र जमली नाही. उभ्या सायकलवर बसून निघायचं म्हटलं की ती तीनदा डगमगायची. म्हणून तिने ठरवलं, की निघालो की थांबायचंच नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी धुकं वितळायच्या बेताला पाळीच्या तोंडाशी बरीच माणसं जमली होती. जागेश्वरने त्या दिवसापुरत्या काट्या बाजूला ओढल्या आणि मोटरसायकलला किक मारली. नंदाबाई आडवी आली.

"मोटरसायकल बंद हाये ना पाळीवर, भाऊ?"

लोक हसले. जागेश्वरलाही हसू आलं. त्याने घरून बापाच्या वेळची काळी सायकल मागवली, हवा भरली आणि मागे लागला. पुढे अल्का, मधात रुक्माबाई, शेवटी तो.

पाळीवरचा मुरूम टायरखाली करकरत होता. एका अंगाला नहराचं पाणी, दुसऱ्या अंगाला कापलेल्या धानाच्या बांध्या आणि त्यात उगवलेली लाखोळी, निळ्या फुलांची. एका बांधीत सारसांची जोडी उभी होती. रुक्माबाईने हे सगळं जन्मभर पाहिलेलं, पण डोक्यावर भारा किंवा हातात विळा घेऊन, खाली मान घालून. आज ते तिच्या बाजूने सरकत होतं, आणि तिला वाटलं, की आपण कोणाच्या कामाला जाऊन राहिलो नाही.

तेवढ्यात समोरून म्हशी आल्या. अल्का कडेने निघून गेली. रुक्माबाईने दोन्ही ब्रेक एकदम दाबले, सायकल आडवी झाली आणि ती उतारावरून थेट लाखोळीत गेली. गुडघा फुटला, लुगडं चिखलाने भरलं. जागेश्वर सायकल टाकून खाली धावला. त्याने तिला हात देऊन उठवलं. तिच्या गुडघ्यातलं रक्त पाहून तो नरमला.

"जाऊ दे, रुक्मा. काट्या काढतो मी. तू घरी जा."

अल्का वरून पाहत होती. एवढ्यावर काम झालं होतं. पण रुक्माबाईने त्याचा हात सोडला आणि सायकल उचलली.

"तू मले कीव म्हणून देऊन राहिला," ती म्हणाली. "मले ते नाई पायजे. मागं चाल."

पाळीवर चढून तिने पदराची चिंधी फाडून गुडघा बांधला. निघताना ती डगमगली, एकदा, दोनदा, मग चाकं सरळ झाली.

खरी परीक्षा तलावाची होती. तलावाच्या पाळीवर जायची चढण उभी आणि गिट्टीची. अल्काने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की गिअर हलका करा, नजर चाकाकडे नको, वर ठेवा. रुक्माबाईने नजर पाळीवरच्या मोहाच्या झाडाला लावली. चढणीच्या मध्यावर छाती फुटेल असं वाटलं. मांड्या पेटल्या. पण पाय कसे ओढत न्यायचे हे तिच्या पायांना ठाऊक होतं, आणि उन्हातल्या त्या धानापेक्षा ही गिट्टी काही जड नव्हती. मागे खडखडाट झाला. जागेश्वरची काळी सायकल थांबली होती आणि तो उतरून, धापा टाकत, पायदळ येत होता. रुक्माबाईने वळून पाहिलं नाही. ती मोहाखाली पोचली तेव्हा समोर सगळा तलाव उघडला, शिंगाड्याच्या वेलांसकट, आणि वारा तिच्या तोंडावर आला.

मिलच्या फाटकात गावातून थेट आलेली नंदाबाई आणि बाया उभ्या होत्या. थांब, पाणी पी, म्हणत होत्या. पुन्हा निघायची पंचाईत नको म्हणून रुक्माबाई थांबली नाही. "खदानीवर या," एवढं ओरडून पटांगणातून, करंजांच्या सावलीतून, मागच्या वाटेने निघून गेली. बाया तिच्यामागे पळत सुटल्या.

खदानीच्या कडेला तिने सायकल उभी केली. अल्काने तिला मिठी मारली आणि चिखल दोघींना लागला. बऱ्याच वेळाने जागेश्वर आला. पाणी प्यायला, तोंड पुसलं. काट्या आजच काढतो, म्हणाला, आणि पाळीच्या तोंडाशी दोन सिमेंटचे खांब रोवू, सायकल जाईल पण मोटरसायकल जाणार नाही एवढं अंतर ठेवून. फेरीच्या दिवशी आपण स्वतः तिथे उभे राहू, हेही त्यानेच सांगितलं. मग म्हणाला, "चढणीवर मी उतरलो, रुक्मा. तू नाई उतरलीस. हे मी गावात सांगीन."

"सांग," रुक्माबाई म्हणाली.

तेवढ्यात राजदीप मित्राचा पिकअप घेऊन पोचला. आईचा गुडघा पाहून तो घाबरला. त्याने मागचं फळकूट पाडलं आणि सायकल वर चढवायला हात घातला.

"ठेव खाली," रुक्माबाई म्हणाली.

"घरी कशी जाशील, आई?"

"आली तशी."

बायांसोबत पळत आलेल्या नंदाबाईने कॅरिअर धरलं. रुक्माबाई सीटवर बसली, डगमगली, आणि गावाकडे निघाली.