दहा बैठका
थोरलीने पडद्याआड कुर्ता काढला आणि दोन्ही हात छातीवर आडवे धरून बसून राहिली. "जरा हात काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी टेप लावली, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत. एकोणतीस सेंटीमीटर.

धाकटी कोपऱ्यात उभी राहून आकडा लिहून घेत होती. याच क्लिनिकमध्ये ती सहा वर्षं त्वचा गरम करून आवळणारं मशीन चालवत होती. दोन मुलं झाल्यावर आणि मोठ्या आजारात अठरा किलो वजन उतरल्यावर थोरलीचं अंग सैल पडलं होतं. एकदा ती कपडे बदलत असताना नवरा म्हणाला होता, "झाकून घे गं, जेवायचं आहे मला." तेव्हा ती बहिणीकडे आली.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बाहेर बोलावलं. "इतकी सैल कातडी मशीनने उचलली जात नाही. कातडीखाली दोरे घालून ओढली तरी नाही. ऑपरेशन, नाहीतर नीट मापाची ब्रा. तुझीच बहीण आहे, तूच समजावून सांग." आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

धाकटी आत आली. थोरलीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

धाकटी तेरा वर्षांची असताना थोरलीने पाहुण्यांसमोर तिला 'पाटी' म्हटलं होतं. पुढून पाटी, मागून पाटी. सगळे पोट धरून हसले आणि ते नाव धाकटीला मोठेपणीही चिकटून राहिलं.

"दहा बैठका," धाकटी म्हणाली. "मग बघच."

थोरली दर बुधवारी, डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत पेशंट तपासत असताना, यायची. धाकटी थंडगार जेल लावायची, मशीनचं डोकं गोल गोल फिरवायची आणि शेवटी टेप लावायची. टेपचं टोक ती खळगीच्या खाली बोटभर धरायची. "साडेसत्तावीस," ती सांगायची. थोरलीचा चेहरा लहान मुलीसारखा उजळायचा. ती गेली की धाकटी चहाच्या खोलीत तिची नक्कल करायची, हात छातीवर आडवे धरून, आणि बाकीच्या मुली हसून लोळायच्या.

सातव्या बैठकीला थोरली डोळे सुजवून आली. "मी ह्यांना म्हटलं, बघा, फरक पडलाय. ते म्हणाले, आरसा धुऊन घे. मी सांगितलं, माझी बहीण स्वतः मोजते, ती कशाला खोटं सांगेल?" तिने धाकटीचं मनगट धरलं. "आज जरा जास्त ठेव. मी सोसेन."

तेव्हा सांगता आलं असतं. धाकटीच्या जिभेवर आलंही होतं. पण तिने उष्णतेचं बटण दोन घरं वर नेलं.

थोरली दात आवळून पडून राहिली. कातडी लाल झाली, मग एका जागी पांढरी पडली आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी मशीन बंद केलं, फोड पाहिला आणि धाकटीकडे वळल्या. "हिला मशीन लावलंच कोणी? उपयोग होणार नाही हे सांगायला मी तुला सांगितलं होतं ना?"

थोरलीने एकदा धाकटीकडे पाहिलं. सगळं कळायला तिला तेवढं पुरलं.

"तिने सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "मीच हट्ट धरला. उष्णताही मीच वाढवायला लावली."

डॉक्टरीणबाई बडबडत मलम आणायला गेल्या. धाकटीला रडू फुटलं. "ताई, तू मला वाचवलंस."

"तुला?" थोरली हळू आवाजात म्हणाली. "तुझी नोकरी गेली तर आई तुला माझ्याच दारात आणून बसवेल. तुझं तोंड मला रोज बघायचं नाही."

जखम भरायला तीन आठवडे लागले. एक दिवसाआड पट्टी बदलायचं काम डॉक्टरीणबाईंनी धाकटीलाच दिलं. थोरली वेळेवर यायची, कुर्ता काढायची आणि भिंतीकडे मान करून पडायची. आता ती छाती झाकत नव्हती, टेबलखुर्चीसमोर कोण झाकतं? धाकटी विचारायची, "दुखतंय का?" उत्तर यायचं नाही.

शेवटच्या दिवशी मलमाची ट्यूब टेबलावरच राहिली. धाकटी ती घेऊन जिन्यापर्यंत पळाली. थोरलीने हात पुढे केला, दुकानदाराकडून सुटे घ्यावेत तशी ट्यूब घेतली आणि खाली उतरली.