शुक्राची कोरी पट्टी

आमच्या अमरावतीच्या घरात शुक्राची दोन दुकानं आहेत. खालच्या खोलीत बाबांचं, म्हणजे हरिहर गुरुजींचं. पंचांगात शुक्र कुठे आहे ते पाहून ते लोकांना लग्नाचे मुहूर्त काढून देतात. वरच्या खोलीत माझं. शुक्राभोवती फिरणारं यान ढगांतून रडार सोडतं आणि दर फेरीला जमिनीची एक पट्टी टिपतं. त्या पट्ट्या जोडून मी नकाशा करते. जन्मभर ज्याच्या नावावर दक्षिणा घेतली त्याचं तोंड पाहायला बाबा एकदाही जिना चढले नव्हते.

माझं लग्न अकोल्याच्या ईशानशी ठरलेलं. दोनदा पुढे गेलं, दोन्ही वेळा यानापायी. आता ईशानच्या आईने निरोप धाडला, तिसऱ्यांदा पुढे गेलं तर आम्ही दुसरी मुलगी पाहू. बाईंचं चुकत नव्हतं, तरी मला राग आलाच.

साहेबांकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, शुक्र सूर्यामागे गेला की यानाचे संदेश येत नाहीत, तेवढे दोन आठवडे घे. आधी नाही, नंतरही नाही. मी उड्या मारतच खाली आले. बाबांनी पंचांग उघडलं आणि मिटलं. नेमका तेव्हाच शुक्राचा अस्त, आणि अस्तात लग्न लागत नाही. या कारणाने गावातली शंभर लग्नं थांबवणारा माणूस स्वतःच्या पोरीचं कसं लावणार? मी म्हटलं, तिथे नुसते तापलेले दगड आहेत, त्यांना माझ्या लग्नाचं काय पडलंय. बाबा जेवले नाहीत. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी ते धापा टाकत वर आले. पडद्यावर पुढच्या कामाचा आराखडा होता. मधली एक जागा कोरी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेच ते दोन आठवडे.

"मग ती तशीच राहते काय?"

"नाही. शुक्र स्वतःभोवती फिरून आठ महिन्यांनी तीच जमीन पुन्हा यानाखाली आणतो. तेव्हा भरतो."

बाबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ईशानला म्हण, नोंदणी लग्नाचा अर्ज देऊन ठेव. महिनाभर आधी नोटीस लागते, मी विचारून आलो. सह्या या सुट्टीत करा. मंत्रांची पट्टी पुढच्या फेरीत भरू."

मला रडू फुटलं. तरी म्हटलं, तेव्हा मला सुट्टी नसेल.

"काहून पाहिजे सुट्टी? तू तुझं काम करून राहा. अंतरपाट इथे वरच धरू."